विहिरीपासून चौथा प्लॉट

माझ्या ब्लॉगवर येणारी मंडळी किल्ले, घाट आणि कुठे काय चांगलं खायला मिळतं यासाठी येतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण या वेळी मी तुम्हाला एका कॉलनीत नेणार आहे. हो, कॉलनीत. नाशिकला गंगापूर रोडवरून आत वळून गोदावरीच्या, म्हणजे इथल्या लोकांच्या गंगेच्या, काठाला गेलात की लागते ती. तिथे प्राचीन देऊळ नाही, धबधबा नाही, फोटो काढायला पॉइंट नाही. तरीही २००९ सालातला माझा सगळ्यात चांगला प्रवास हाच झाला, आणि गंमत म्हणजे मला जायचंच नव्हतं.

झालं असं, की डिसेंबरात एका सकाळी नाशिकहून दत्तामामाचा फोन आला. मामा आईचा धाकटा भाऊ. साठीला टेकला तरी आईच्या लेखी तो अजून चड्डी सावरत शाळेत जाणारा दत्ताच आहे. फोनवर तो इतका मोठ्याने बोलतो की मला पलीकडच्या खोलीतही ऐकू येतं.

"अक्का, सटाण्याहून फोन आला होता. प्लॉटबद्दल बोलायचंय म्हणतात. मला काही सुचत नाहीये. तू चल बाई बरोबर."

"येते," आई म्हणाली, फोन ठेवला आणि मला म्हणाली, "नीलू, नाताळची सुट्टी आहे ना तुला? गाडी काढ."

मला विचारणं वगैरे प्रकार आमच्याकडे नसतो. मी नुसतं म्हटलं, "मामाचा सटाण्याला प्लॉट कधीपासून?"

"सटाण्याला नाही गं. नाशिकचाच. मामाचं घर ज्यांच्या प्लॉटवर उभं आहे ना, ते गृहस्थ सटाण्याचे."

मी चहाचा कप खाली ठेवला. कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या मी ज्या घरात लोळून काढल्या, ज्याच्या गच्चीवर मामीचे पापड राखले, ते घर दुसऱ्याच्या जागेवर आहे हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आईला विचारलं तर म्हणे, "तू कधी विचारलंस?"

पुणे–नाशिक रस्त्याबद्दल थोडं. सकाळी सहाच्या आत चाकण ओलांडलंत तर तुम्ही सुटलात, आठला निघालात तर देव तुमचं भलं करो. रस्ता अजून दोनपदरीच आहे आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक एसटीला वाटतं की तो तिच्यासाठीच बांधलाय. नारायणगावला मिसळ, आळेफाट्याला चहा, हे आमचं ठरलेलं. चंदनापुरी घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो आणि आईने डबा उघडून गाडीतच लाडू वाटायला घेतले. संगमनेर, सिन्नर करत दुपारच्या आत नाशिक गाठलं. माझ्या जुन्या सँट्रोला एका बाजूचं पेट्रोल हजाराच्या आत पडलं. वाटेत मी आईला प्लॉटचं तीन-चारदा विचारलं. "शालन सांगेल, तिनं भोगलंय," एवढंच म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली. शालन म्हणजे माझी मामी.

गंगापूर रोडवर मी रस्ताच चुकले. जिथे पूर्वी पेरूची बाग होती तिथे मॉल उभा राहतोय. एका रिक्षावाल्याला विचारलं, "गंगातीर कॉलनी कुठे आली?"

"गंगातीर?" त्याने डोकं खाजवलं. मग आईने जागेच्या मूळ मालकाचं, तात्या माळ्याचं नाव घेतलं तसा तो हसला. "मळ्यात जायचंय होय! मग मळा म्हणा ना ताई. कॉलनी फक्त पाटीवर आहे."

आणि खरंच, आत वळल्यावर सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना बंगले, एका टोकाला छोटं जिम, पण सगळे म्हणतात मळा. मामाचं घर रस्त्याकडून चौथं. बैठं, पिवळसर रंगाचं. घराने प्लॉटचा एकच भाग घेतलाय, डावीकडे सगळी मामीची बाग. मोगरा, शेवंती, जाई, अळू, गवती चहा, एका कोपऱ्यात पपई. मोगऱ्याचे ताटवे तर असे की उन्हाळ्यात नाशिकच्या फुलबाजारातले दोन विक्रेते सकाळी दारात येऊन घेऊन जातात. मामीची ही एवढीच स्वतःची कमाई, आणि तिला त्याचा कोण अभिमान.

जेवायला बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत होतं. मामा जेवला न जेवल्यासारखं करून उठला. मग दुपारी मामी ओट्यावर मेथी निवडायला बसली, मी समोर बसले आणि म्हटलं, "आता सांग. पहिल्यापासून."

तुम्ही ज्या नव्या वसाहतीत राहता तिथे सगळ्यात आधी कोण राहायला आलं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माझ्या सोसायटीचं माहीत नाही. मामीचं ऐकल्यावर लाज वाटली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मामा सातपूरला एका कारखान्यात फिटर होता आणि दोघं तान्ह्या मुलाला, म्हणजे आता शिकायला बाहेर असलेल्या माझ्या मामेभावाला, घेऊन पंचवटीत एका खोलीत भाड्याने राहायचे. तेव्हा तात्या माळ्याने नदीकाठच्या आपल्या मळ्याचा एक तुकडा प्लॉट पाडून विकला. प्लॉट भराभर गेले. घेणाऱ्यांत मास्तर, कारखान्यातले लोक, कापडवाले, सगळे होते. पण घर बांधायला कोणी पुढे येईना.

"जो तो म्हणायचा, आधी तुम्ही बांधा, मग आम्ही येतो," मामी सांगत होती. "रस्ता नाही, दिवा नाही, माणूस नाही. तुझ्या मामाला खोलीमालकाने उठवलं म्हणून आम्ही आलो. धाडसबिडस काही नव्हतं गं. कुठे जायचं हाच प्रश्न होता."

वीज येईपर्यंत तात्याच्या मोटारीवरून एक वायर आणली होती. मोटार सुरू झाली की यांचा बल्ब मान टाकायचा. पाणी विहिरीचं. पावसाळ्यात काळी माती अशी चिकटायची की मामा चपला हातात घेऊन मेन रोडपर्यंत जायचा, तिथे पानवाल्याच्या डब्यातल्या पाण्याने पाय धुवायचा आणि मग कामावर. गॅसचं सिलिंडर सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचं. पोस्टमन पत्रं त्याच पानवाल्याकडे टाकून जायचा. नातेवाईक यायचे, "हवा काय छान आहे हो तुमच्याकडे" म्हणायचे आणि ऊन उतरायच्या आत बस पकडायचे.

"पहिल्या वर्षी माणसांपेक्षा साप जास्त आले घरी," मामी म्हणाली. "त्यांना निदान चहा लागत नाही."

मग हळूहळू एकेक घर उठलं. कुणाचीही वास्तुशांत असली की उतू घालायचं दूध मामीकडून जायचं, कारण तोपर्यंत गवळी फक्त तिच्याच दारापर्यंत येत होता. आता गवळी पिशव्यांमधून दूध टाकतो, पण मळ्यात अजून नवीन बिऱ्हाड आलं की शेजारचे सांगतात, दूध शालनकाकूंकडून घ्या. मामी ते सांगताना मेथी निवडायची विसरली होती.

"आणि प्लॉटचं काय?" मी विचारलं.

"ते तात्यालाच विचार," ती म्हणाली. "त्याच्या तोंडून ऐकलंस तर तुला राग येणार नाही."

तात्या माळी आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलांनी उरलेल्या जमिनीत रोपवाटिका काढलीय आणि तात्या दिवसभर विहिरीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसतात. विहीर रस्त्याच्या बाजूला, उंचावर. तिथून जमीन हळूहळू उतरत नदीपर्यंत जाते. पूर्वी विहिरीचं पाणी पाटाने वरून खाली एकेका वाफ्यात सोडायचे. मी आणि आई गेलो तसे त्यांनी हाक मारून खुर्च्या मागवल्या.

"आता तुमीच सांगा," तात्या म्हणाले, "वाफा मोजायचा तं कुठून मोजायचा? पानी निघतं तिथून. इहिरीजवळचा पयला, मंग दुसरा, मंग तिसरा. माझ्या बापानं तसंच मोजलं, आजानं तसंच मोजलं. दत्तोबा आले, म्हनले चार नंबर दावा. मी चौथा दावला."

"आणि नकाशात?" मी म्हटलं.

"नकाशावाल्या सायबानं गंगेकडून मोजले!" त्यांनी कपाळाला हात लावला. "त्याचा एक नंबर खाली गंगेजवळ. माझा एक नंबर इथं. मला काय म्हाईत असं उलटं बी मोजत्यात? चूक माझीच हाय, नाय म्हनत नाय. पन चौथा तं चौथाच व्हता का नाय?"

मला हसू आवरेना आणि आईही पदर तोंडाला लावून हसत होती. खुंट्या मारल्या होत्या खऱ्या, पण त्या चरणाऱ्या गुरांनी आणि पावसाने केव्हाच उपटल्या होत्या. मामाने तात्यांच्या शब्दावर पाया खणला. कागदावर मामाचा चार नंबर खाली नदीजवळ, आणि घर उभं राहिलं वर, सटाण्याच्या त्या गृहस्थांच्या, म्हणजे नानांच्या प्लॉटवर. शेतात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाने, शेतात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या माणसाला दाखवलेली ती जागा. दोघांनाही शंका आली नाही.

वर्षभराने दसऱ्याला नाना भूमिपूजन करायला आले. सोबत बायको, बारा-तेरा वर्षांची मुलगी, हातात नारळ. आणि बघतात तो त्यांच्या प्लॉटवर घर, घराला पडदे, अंगणात तुळस, तुळशीला पाणी घालणारी माझी मामी. मामीच्या सांगण्याप्रमाणे नाना काही ओरडले नाहीत. ते घराभोवती एक फेरी मारून आले. तोवर तात्यांना बोलावलं गेलं, तात्या आणि मामा एकमेकांवर आवाज चढवू लागले, मामीने नानांच्या बायकोला आत नेऊन पाणी दिलं. शेवटी नानाच म्हणाले, "उभं घर मोडायचं का आता? तुम्ही इथंच राहा. मी खाली नदीकाठी बांधतो. मला नदी आवडते." विहिरीपाशी जाऊन दोघांनी हात धरले, तात्या साक्षीला. कागद नंतर करू असं ठरलं. नानांची बदली, इकडे मामाचं आजारपण, मग हे, मग ते. तो 'नंतर' काही आला नाही.

तात्यांनी आम्हाला खाली नेलं. नदीकाठचा तो प्लॉट बघितला आणि माझं हसू विरलं. मागच्या वर्षी मोठा पूर आला तेव्हा इथे कमरेच्या वर पाणी होतं. आता पूररेषा आखली गेलीय आणि ही जागा तिच्या आत आहे. इथे बांधकामाची परवानगी मिळणार नाही. गाळ मात्र असा मऊ आणि काळा, की तात्यांच्या मुलाने त्यात कोथिंबीर टाकली होती.

म्हणजे हिशेब साधा होता. नानांनी शब्द दिला, आणि त्या शब्दापायी त्यांच्याकडे घर बांधता येणार नाही अशी जमीन राहिली. मामा मात्र मजेत वर राहतोय. नानांनी कागद काढला तर मामाचं घर त्यांचं. आणि कागद काढू नका असं त्यांना म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? संध्याकाळी मामा तेच बोलत होता. "त्यांनी घर मागितलं तर मी काय करू, अक्का? खरं तर त्यांचंच आहे."

"आधी ऐक तरी काय म्हणतात," आई म्हणाली. "आणि भाताकडे बघ. पाखरासारखा चिवडतोयस."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं सटाण्याला निघालो. आग्रा रोडने ओझर, पिंपळगाव. रस्त्याचं रुंदीकरण चाललंय, दर थोड्या अंतराने वळण रस्ता आणि धूळ, त्यामुळे वेळ हाताशी ठेवा. पिंपळगावला लाल कांद्याचे टेम्पो आणि ट्रॅक्टर अशी लांबलचक रांग होती की मामाने तिसऱ्यांदा "उशीर होणार" म्हटलं. तिथेच एका टपरीवर गरम भजी घेतली, कांद्याच्या गावात कांदाभजी खाल्ली नाही तर पाप लागतं. मामाने एकही उचललं नाही. आईने त्याच्या वाटणीची संपवली.

पुढे महामार्ग सोडून देवळ्याकडे वळलो. भावडबारीचा छोटा घाट ओलांडला की हवा बदलते. लांबवर डोंगर, मधे डाळिंबाच्या बागा. बागलाणात द्राक्षं सगळ्यांच्या आधी येतात. डिसेंबरातच रस्त्याकडेला पाट्या लावून बाया बसल्या होत्या. मी गाडी थांबवून द्राक्षं घेतली, इतकी गोड की मी गाडी चालवता चालवता अर्धी संपवली. मामी मागे खिडकीकडे तोंड करून बसली होती, द्राक्षांकडेही तिने बघितलं नाही.

नानांचं घर सटाण्यात बाजारपेठेच्या मागे. गुडघ्यांनी दगा दिलेला, हडकुळा, स्वच्छ पांढरा शर्ट घातलेला म्हातारा पलंगावर बसला होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा उजळला.

"या, या, बठा. वैशू, पानी आन वं!" मग मामाकडे बघून हसले. "काय दत्तोबा, घाबरी गयात का?"

मामा खरंच घाबरला होता, त्यामुळे त्याने प्रामाणिकपणे मान हलवली.

आतून पाणी घेऊन जी आली ती वैशाली, म्हणजे भूमिपूजनाला आलेली ती मुलगी. आता तिशीच्या उंबरठ्यावर. नाशिकला एका शाळेत शिकवते, भाड्याच्या खोलीत राहते आणि दर शनिवारी एसटीने आईवडिलांकडे येते. नानांच्या पत्नी आत स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी मामीला खिडकीतूनच ओळखलं आणि हात हलवला.

नाना मुद्द्यावर आले. बाहेरच्यांशी ते शाळामास्तरांची मराठी बोलतात, पण भावना आल्या की अहिराणी. "कागद करी टाकूत दत्तोबा. मी शे तवलोंग, मी आहे तोवर. मी गेलो की कोण कोणाला ओळखणार? तुमच्या घराचा कागद तुमच्या नावावर, खालच्या प्लॉटचा माझ्या. आपण हात धरला होता."

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात वैशालीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "फोन मीच केला होता. बाबांचा शब्द बाबांचा आहे, मला तो मोडायचा नाही. पण मी तेव्हा लहान होते, मला कोणी विचारलं नव्हतं. खालच्या जागेत आता घर होत नाही. मला आईबाबांना नाशिकला न्यायचंय, बाबांचा डॉक्टर तिथे आहे. माझ्या पगारात आज तिथे जागा मिळत नाही. बाबा सही करतील, मी अडवणार नाही. पण हे बरोबर झालंय असं मला कोणी सांगू नका."

"वैशू," नाना म्हणाले.

"नाही बाबा. बोलू द्या."

मला मनातून वाटत होतं, पोरगी खरं बोलतेय. आणि मला हेही वाटत होतं की आता मामाने काहीतरी म्हणावं. आई तोंड उघडणार तोच मामी बोलली. आमच्या मामीला मी चारचौघांत कधी बोलताना ऐकलेलं नाही. ती अर्धवट उभी राहिली, पुन्हा बसली.

"वैशाली, आमच्या घराच्या डावीकडे माझी बाग आहे," ती म्हणाली. "चांगली मोठी आहे. तिथे बांध तू."

मामाने झटकन मान वळवली. "शालन, अगं तुझा मोगरा..."

"माझाच आहे ना? मग मी सांगतेय." मग वैशालीकडे वळून म्हणाली, "सगळा प्लॉट तुमचाच होता. अर्ध्यात आमचं घर, अर्ध्यात तुमचं. खालचा प्लॉट मला दे. मी तिथे फुलं लावीन. पूर आला तर फुलं जातील, माणसं जाणार नाहीत."

"नही, नही," नाना दोन्ही हात हलवू लागले. "तुम्हनी बाग मोडीसन मन्ही आंडेर, मन्ही पोर, घर बांधी का? नही."

वैशालीचा आवाज बदलला होता, पण ती लगेच विरघळली नाही, हे मला आवडलं. "काकू, आज पाहुणे म्हणून आलात, म्हणून बोलताय. उद्या घरी गेल्यावर मोगरा दिसेल."

"दिसेलच," मामी म्हणाली. "म्हणून तर आज सांगतेय. उद्या माझा धीर झाला नसता."

त्यावर आतून नानांच्या पत्नी बाहेर आल्या आणि मामीशेजारी बसल्या. तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. जेवण झालं. उडदाचं घुटं आणि भाकरी, वर कच्चा कांदा बुक्कीने फोडून. मामाने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आईने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याचं पोट हे तिचं कर्तृत्व. नाना मात्र निघेपर्यंत "विचार करा, विचार करा" म्हणत होते.

वैशालीला तसंही रविवारी परत जायचं होतं, ती आमच्याच गाडीत एक दिवस आधी निघाली. पाच जण, द्राक्षांची पेटी आणि नानांनी दिलेल्या डाळिंबांची पिशवी घेऊन सँट्रो घाट चढायला कुरकुरत होती. सुरुवातीला सगळे अवघडलेले. मग मामाने पहिल्या वर्षाचे सापाचे किस्से सुरू केले, आणि पिंपळगावला भजीच्या टपरीवर वैशालीने त्याला ताट पुढे केलं तेव्हा त्याने दोन ताटं मागवली.

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. वैशाली बागेत गेली, ताटव्यांमधून जपून पाय टाकत. घराची भिंत कुठून कुठे येईल, आईबाबांची खोली कुठल्या बाजूला, पायरी किती कमी ठेवावी लागेल, हे ती हातवारे करत मोजत होती. मामी ओट्यावर उभी राहून बघत होती. मग ती आत गेली, मला वाटलं रडायला गेली. ती घरातली मोजायची पट्टी घेऊन बाहेर आली.

रविवारी आम्ही परतीला लागलो. सोमवारपासून मला ऑफिस होतं आणि पुण्याची गर्दी. वाटेत आई एकदम म्हणाली, "मी काही बोलले नाही ना गं सटाण्याला?" मी म्हटलं, "एक शब्दही नाही." "बरं झालं," ती म्हणाली आणि सिन्नरपर्यंत झोपली. मला मात्र गाडी चालवताना सारखं वाटत होतं, की मामीने घाई केली. इतक्या वर्षांची बाग, स्वतःची अशी एकमेव गोष्ट, आणि एका दुपारी देऊन टाकली. हे मी तेव्हा कुणालाच बोलले नाही, आता ब्लॉगवर लिहितेय.

तुम्हाला तिथे जायचं असेल तर पाहण्यासारखं फार नाही, आधीच सांगितलंय. पण आपल्या शहरातल्या एखाद्या नव्या वस्तीत जाऊन तिथलं पहिलं घर कुठलं ते विचारा. कुणाला तरी आठवत असतंच, आणि सांगायला तो माणूस तयारच असतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

हे लिहायला मी उशीर केला, कारण मला पुढचं कळायचं होतं. कागद झाले. एप्रिलमध्ये पाया खणायला घेतला. मोगरा खाली नदीकाठी हलवला, त्यातला निम्मा जगला नाही. मामीने तो स्वतःच्या हातांनी उपटला आणि त्या दिवशी ती जेवली नाही, हे मामाने मला फोनवर हळू आवाजात सांगितलं. मी मामीला फोन द्यायला सांगितलं. म्हटलं, "मामी, खरं सांग. पस्तावा होतोय का?"

"होतो की," ती म्हणाली. "सकाळी उठून दार उघडलं की होतो. हे घमेल्यांचे आवाज आणि सिमेंट." मग तिथल्या कुणावर तरी ओरडली, मी फोन कानापासून लांब धरला. परत आली तेव्हा चिडलेली होती.

"हा ठेकेदार बघ. दोन घरांच्या मधे भिंत कुठून घालू म्हणून विचारतोय. मी म्हटलं, भिंत घालायची नाही. वैशालीही तेच म्हणाली. तर म्हणे काकू, पुढे वाद होतात. मी त्याला सांगितलं, बाबा, मी या मळ्यात पहिली दोन वर्षं काढलीत. तान्ह्या पोराला ताप होता तेव्हा याच अंगणात उभी राहून मी हाका मारल्यात. ओ द्यायला कोणी नव्हतं. आणि आता मी शेजारी माणूस आणतेय आणि त्यात तू भिंत घालतोस?"